आई, तू काय विकतेस?

नागपूरच्या इतवारीत सकाळी पेढ्यांची दारे उघडतात, तेव्हा घरातील मुलांसमोर रोज एक शाळा भरत असते. गादीवरची चादर बदलली जाते, उदबत्ती लावून वही उघडली जाते, हातगाडीवरून पोती उतरतात, तराजू पुसला जातो. शाळेला सुट्टी असलेला मुलगा गादीच्या कडेला बसतो आणि काहीही न विचारता बरेच काही शिकतो. आजोबा कोणत्या गिऱ्हाइकाला उभे राहून नमस्कार करतात, कोणाची उधारी हसत पुढे ढकलतात, वजनात चूक झाली तर मुनीमाला कोणत्या स्वरात बोलतात, हे सारे तो पाहतो. व्यापारी घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शिक्षण बहुतांशी असेच, नुसते पाहून झालेले आहे.

या परंपरेचा एक जुना आणि विश्वसनीय पुरावा जैन वाङ्मयातच आहे. कविवर बनारसीदास यांनी 1641 मध्ये 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य 110 वर्षांचे मानून, वयाच्या 55 व्या वर्षी लिहिलेली ही अर्ध्या आयुष्याची कहाणी. तीत त्यांनी आपले वडील खरगसेन यांच्या बालपणाची हकीकत दिली आहे. लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे खरगसेन आईबरोबर जौनपूरला आजोळी आले. तेथे पाठशाळेत अक्षरओळख झाल्यावर ते सोन्याचांदीची नाणी पारखू लागले, जमाखर्च लिहू लागले आणि बाजारात बसून सराफी शिकले. पुढे स्वतः बनारसीदास तरुणपणी काव्यशास्त्रात रमले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना बजावले की फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम, व्यापाऱ्याच्या मुलाची जागा बाजारात आहे. त्या उपदेशामागची समजूत स्पष्ट आहे. काम जेथे चालते तेथे मूल असले, म्हणजे काम मुलात उतरते.

आज याच घरांतील मुले, मुली आणि सुना माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात मोठ्या संख्येने गेल्या आहेत. त्यांची पेढी इतवारीत नाही आणि गांधीबागेतही नाही. ती वर्धा मार्गावर मिहानमध्ये आहे किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आहे. काचेच्या दाराआड, ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत न सोडणारी. त्या पेढीवर मूल कधी बसत नाही. मग आईवडिलांचे काम मुलापर्यंत पोहोचायचे कसे, हा या घरांपुढचा नवा प्रश्न आहे.

न दिसणारे काम

इतवारीतील एक घर डोळ्यांपुढे आणावे. नागपुरात असे घर शोधण्यासाठी फार फिरावे लागणार नाही. आजोबा आणि वडील किराण्याची पेढी सांभाळतात. आई मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. दहा वर्षांची मुलगी शाळेतून आली की तासभर पेढीवर बसते. वडील काय करतात हे ती कोणालाही सांगू शकते. ते डाळ, तांदूळ, साखर आणि मसाले विकतात. एकदा तिने आईला विचारले, "आई, तू काय विकतेस?" आईने उत्तर दिले, "मी सॉफ्टवेअर तपासते." मुलीला त्यातून काहीच कळले नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला, "मग तू दिवसभर फक्त लॅपटॉपकडे बघतेस?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मुलाला जे दिसते तेच ते बोलते. सोनाराच्या हातात दागिना असतो, शिंप्याच्या हातात कापड असते आणि डॉक्टरांसमोर रुग्ण असतो. संगणकावर काम करणाऱ्याचे श्रम मात्र पाहणाऱ्याच्या दृष्टीने एकाच जागी गोठलेले असतात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि ही कार्यालये थेट घरात शिरली. तेव्हा असे वाटले होते की आता तरी मुलांना आईवडिलांचे काम दिसेल. प्रत्यक्षात मुलांना दिसले ते बंद दार, कानाला लावलेले हेडफोन आणि "आता बोलू नकोस, मीटिंग चालू आहे" हे वाक्य. आई घरात होती, पण हाताशी नव्हती. काम जवळ आले, तरी दिसले नाही.

यात केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. ज्या मुलाला घरात पैसा कोणत्या श्रमातून येतो हे कळत नाही, त्याच्या मनात पैशाविषयी आदर कसा निर्माण होणार? गल्ल्यात पडणारी नोट आणि तिच्यामागचे उचललेले पोते हा संबंध पेढीवर डोळ्यांसमोर असतो. महिन्याच्या शेवटी मोबाइलवर येणारा पगाराचा संदेश असा कोणताही संबंध दाखवत नाही. आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त सद्‌गृहस्थाचे गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या धनाला पहिले स्थान दिले आहे. धन न्यायाने मिळते की नाही, हे मुलाला उपदेशातून क्वचितच कळते. मिळवणाऱ्याला मिळवताना पाहिले, तर ते कळते.

जगात रुजलेली प्रथा

हा प्रश्न केवळ नागपूरचा नाही. अमेरिकेत 1993 च्या एप्रिल महिन्यात 'मिस फाउंडेशन फॉर विमेन' या संस्थेने मुलींना एक दिवस आईवडिलांच्या कामाच्या ठिकाणी नेण्याचा उपक्रम सुरू केला. वाढत्या वयात मुलींचा आत्मविश्वास खचू लागतो. कर्तृत्ववान स्त्रिया प्रत्यक्ष काम करताना दिसल्या, तर त्यांना आपलीही वाट दिसेल, असा त्यामागचा विचार होता. 2003 पासून त्यात मुलग्यांनाही अधिकृतपणे सामावून घेतले गेले. एप्रिलमधील चौथा गुरुवार हा त्या उपक्रमाचा ठरलेला दिवस. कॅनडात 1994 पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी नोव्हेंबरात असा दिवस पाळला जातो. जर्मनीत 2001 पासून 'गर्ल्स डे' होतो. तेथे मुलींना मुद्दाम तांत्रिक क्षेत्रांत नेले जाते आणि त्यात माहिती तंत्रज्ञानाला मोठे स्थान आहे.

भारतातही मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी ही गरज ओळखली. इन्फोसिसमध्ये कर्मचाऱ्यांच्या मुलांना कंपनीच्या आवारात बोलावून 'पेटिट इन्फोसियन डे' साजरा करण्याची प्रथा आहे. अन्य अनेक कंपन्या 'फॅमिली डे' या नावाने वर्षातून एकदा कुटुंबीयांना बोलावतात. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस, टेक महिंद्र अशा कंपन्या आल्या आहेत आणि परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंटसारखी, 1990 मध्ये पुण्यात स्थापन झालेली कंपनी आहे. म्हणजे ज्या भेटीसाठी पूर्वी पुण्याला किंवा बेंगळुरूला जावे लागले असते, ती आता नागपूरकर कुटुंबाला मेट्रोच्या तिकिटात शक्य आहे.

अग्रसेन चौक ते खापरी

डोळ्यांपुढे आणलेल्या त्या घरातील मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आईच्या कंपनीतील फॅमिली डेसाठी निघते. सोबत आजोबाही आहेत. सुनेची नोकरी म्हणजे "दुसऱ्याची चाकरी" हे त्यांचे जुने मत. त्यांनी ते कधी कठोर शब्दांत बोलून दाखवले नाही, आणि मनातून काढूनही टाकले नाही. नातीने हात धरला म्हणून ते निघाले.

अग्रसेन चौकात मेट्रोत बसायचे, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि दक्षिणेकडे खापरीला उतरायचे. खापरी ते सीताबर्डी हा मार्ग 2019 च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि पूर्व नागपूरकडे जाणारा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी. अजनी मागे पडल्यावर वर्धा मार्गावर गाडी दुमजली पुलावरून धावते. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो. 3.14 किलोमीटर लांबीच्या या पुलाची नोंद गिनीज बुकात झाली आहे. पुढे विमानतळ लागतो आणि मग इमारती विरळ होत जातात. सायकलवरून उधारी वसूल करण्यात तारुण्य घालवलेल्या आजोबांना शहर इतके लांबवर पसरल्याचे त्या दिवशी प्रथमच नीट दिसते.

मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात शिरताना नोंदवहीत नाव लिहिले जाते, छायाचित्र काढले जाते आणि गळ्यात पाहुण्याचे ओळखपत्र येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर रखवालदार चिकटपट्टी लावतो. मुलीला त्याची गंमत वाटते. आजोबा मात्र गंभीर होतात आणि विचारतात, "येथे असे काय आहे, की ज्याचे चित्र घेऊ नये?" सून सांगते, "बाबा, आमच्याकडे दुसऱ्यांच्या वह्या असतात." आजोबांना आणखी काही सांगावे लागत नाही. एका गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर उघडू नये, हा त्यांच्या पेढीचाही पहिला नियम आहे.

वजा पाच

आत गेल्यावर मुलीची थोडी निराशाच होते. लांबच लांब टेबले, त्यांवर पडदे, पडद्यांसमोर माणसे. कोठे यंत्रे खडखडत नाहीत, कोठे माल नाही. "कॉम्प्युटरचे मोठे गोदाम कुठे आहे?" असे ती विचारते. आई सांगते की ते येथे नाही. पूर्वी कंपन्या आपापल्या इमारतीत मोठे सर्व्हर ठेवत. आता बहुतेक जण दुसरीकडच्या विशाल केंद्रांत जागा भाड्याने घेतात. अ‍ॅमेझॉनने असे केंद्र मुंबई परिसरात 2016 मध्ये सुरू केले. व्यापाऱ्याने स्वतःचे गोदाम बांधण्याऐवजी वखारीत जागा घ्यावी, तसाच हा व्यवहार आहे.

मग आई तिला आपल्या खुर्चीवर बसवते आणि सरावासाठी ठेवलेला एक पडदा उघडते. दुकानाचे बिल करण्याचे ते सॉफ्टवेअर आहे. खरी नावे नाहीत, खरे पैसे नाहीत. वस्तूचे नाव, भाव आणि नग अशा तीन चौकटी आहेत. "यात तुला हवे ते लिही. बिल बिघडवून दाखव," आई म्हणते.

मुलगी आधी नगाच्या चौकटीत 2 लिहिते. बिल बरोबर येते. ती शून्य लिहिते. सॉफ्टवेअर नम्रपणे सांगते की नग लिहावेत. ती अक्षरे लिहिते. तीही नाकारली जातात. मग शाळेत नुकतेच शिकलेले आठवून ती वजा 5 लिहिते. भाव शंभर रुपये. क्षणात बिल तयार होते, वजा पाचशे रुपये.

"म्हणजे काय झाले?" आई विचारते.

मुलगी विचार करते आणि मोठ्याने हसते. "म्हणजे दुकानदारानेच गिऱ्हाइकाला पाचशे रुपये द्यायचे!"

आजोबा पुढे वाकून पडद्याकडे पाहतात. "आणि हे कोणाच्या लक्षात आले नसते तर?"

"तर सगळ्या दुकानांत तेच झाले असते, बाबा. एका दुकानात चूक झाली तर एक बिल बिघडते. येथे चूक राहिली तर एकाच वेळी हजारो बिले बिघडतात."

आई ती चूक नोंदवते. चुकीला क्रमांक मिळतो. काय लिहिले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे तीन ओळींत लिहिले जाते. पलीकडच्या रांगेतील एक तरुण ती नोंद उघडतो, कोडमधील एक ओळ बदलतो आणि परत पाठवतो. मुलगी पुन्हा वजा 5 लिहिते. आता चौकट लाल होते आणि बिल होत नाही. आईच्या सरावाच्या पडद्यात अशा चुका मुद्दाम पेरून ठेवलेल्या असतात, हे मुलीला नंतर कळते. पण त्या क्षणी तिला आईचे काम कळलेले असते. चूक गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याआधी शोधणे, हे ते काम.

आजोबांनाही ते कळते, आणि त्यांच्याच भाषेत. गाडीतून माल उतरला की नगाला नग मोजल्याशिवाय पावतीवर सही करायची नाही, ही शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली. माप कमीअधिक ठेवणे हा अचौर्य व्रताचा अतिचार आहे, असे 'तत्त्वार्थसूत्र' सांगते. सूनही दिवसभर मापेच तपासते, हे त्यांना त्या दुपारी उमगते. परतताना ते एकच प्रश्न विचारतात, "आणि तू तपासलेले कोण तपासतो?" ती हसून सांगते, "त्यासाठीही एक माणूस आहे, बाबा." त्यांचे समाधान होते.

कीर्द आणि कोड

वरवर पाहता गादी आणि संगणकाचे टेबल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आत डोकावले, तर नाते जवळचे आहे. कीर्दीत लिहिलेला आकडा खोडायचा नाही. चूक झाली तर नवी नोंद करून ती दुरुस्त करायची, हा जुना दंडक. सॉफ्टवेअर लिहिणारेही तेच करतात. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' ही प्रणाली तयार केली आणि आज जगभरातील सॉफ्टवेअर तिच्या आधारे लिहिले जाते. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि का केला, याची नोंद तीत राहते. जुनी नोंद तशीच राहते आणि दुरुस्ती तिच्यापुढे जोडली जाते. मुनीमाला ही पद्धत समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतील.

दुसरे उदाहरण तर प्रत्येक पेढीच्या टेबलावर आहे. 'टॅली' हे सॉफ्टवेअर एका व्यापारी वडिलांच्या गरजेतून जन्मले. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले आपले पुत्र भरत यांना ते तयार करण्यास सांगितले. 1986 मध्ये पितापुत्रांनी कंपनी स्थापन केली. 2020 मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्री जाहीर झाली. वडिलांना काय अडते ते मुलाला जवळून कळले, म्हणून देशभरातील व्यापाऱ्यांच्या उपयोगी पडणारी गोष्ट तयार झाली. 'बाजारात बसणे' आणि 'फार शिकणे' यांतून एकच निवडावे लागते, ही बनारसीदासांच्या काळची समजूत येथे गळून पडली.

तिसरा धागा त्याहून ताजा आहे. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि प्रत्येक व्यापाऱ्याचे विवरणपत्र संगणकावरून भरले जाऊ लागले. ती प्रणाली उभारण्याचे काम 2015 मध्ये इन्फोसिसकडे सोपवण्यात आले होते. गल्ल्याशेजारी लावलेला क्यूआर कोड ज्या यूपीआय व्यवस्थेवर चालतो, ती 2016 मध्ये सुरू झाली. पेढीवरचे आजोबा आणि मिहानमधील सून दोन वेगळ्या जगांत राहतात असे वाटते खरे, पण पेढीवरचे प्रत्येक बिल तिच्यासारख्याच कोणीतरी तपासलेल्या सॉफ्टवेअरमधून पुढे जात असते.

दुसरा डबा

त्या दिवशी मुलीला आणखी एक गोष्ट दिसते. ती कोणी मुद्दाम दाखवलेली नसते.

हिवाळ्यात नागपुरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे. आजी, आजोबा, वडील आणि मुलगी एकत्र बसतात. आई त्या पंगतीत कधी नसते. ती रात्री येते, पाणीही न पिता मुलीचा गृहपाठ पाहते आणि झोपते. आई आपल्याबरोबर जेवत नाही, तिला मीटिंग अधिक आवडते, अशी बोच मुलीच्या मनात कधीपासून होती. फॅमिली डेला आईच्या टेबलाजवळ दोन डबे दिसतात. एक दुपारचा, एक छोटा. "हा कोणाचा?" असे विचारल्यावर शेजारच्या टेबलावरची सहकारी सांगते, "तुझी आई रोज पाच वाजता खिडकीजवळ बसून जेवते. आम्ही कितीही थांब म्हटले तरी थांबत नाही."

उशिराचे कारणही तेव्हाच कळते. भिंतीवर तीन घड्याळे आहेत. हिवाळ्यात नागपूरला सायंकाळचे साडेसात वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे दोन आणि न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजलेले असतात. तेथील दुकान उघडते तेव्हा येथील माणसाने उत्तर देण्यास हजर राहावे लागते. "म्हणजे तुझे गिऱ्हाईक सकाळी येते, पण आपल्याकडे तेव्हा रात्र असते," मुलगी स्वतःच म्हणते. गिऱ्हाईक आले की गादी सोडायची नसते, हे तिला पेढीवर कळलेलेच होते.

घरी परतल्यावर आजोबा कोणतीही घोषणा करत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते एवढेच म्हणतात की सूनबाईंचा सायंकाळचा डबा यापुढे ताजा करून चार वाजता पाठवता येईल का, ते पाहावे. एवढ्या अंतरावर ते रोज जमणारे नसते. पण प्रश्न विचारला गेला, यातच सारे येते.

मुलींची जागा

या भेटींचा एक पैलू व्यापारी घरांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. गादीवर बसून शिकण्याची जी परंपरा गौरवाने सांगितली जाते, ती मुख्यतः मुलग्यांची होती. मुलगी पेढीवर येई ती डबा घेऊन आणि थोड्या वेळाने परत जाई. हिशेबात तिची बुद्धी कितीही तल्लख असली, तरी कीर्द तिच्या हाती क्वचितच पडली. आज त्याच घरांतील मुली संगणकशास्त्र शिकतात, नोकरी करतात, पथकांचे नेतृत्व करतात. आईच्या कार्यालयात गेलेली मुलगी जे पाहते, ते तिच्या आजीला पाहायला मिळाले नव्हते. आपल्या घरातील बाई चारचौघांत बोलते, तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि चूक दाखवण्याचा अधिकार तिला असतो. मुलग्यांनी हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. उद्या पत्नी, बहीण किंवा मुलगी उशिरा घरी आली, तर तिच्या श्रमाची कल्पना असलेला माणूस दार वेगळ्या प्रकारे उघडतो.

भेट कशी असावी

फॅमिली डेचे स्वरूप अनेकदा जत्रेसारखे होते. फुगे, जादूचे प्रयोग, चित्रकला स्पर्धा, खाऊची पाकिटे. मुले आनंदाने परततात, पण आईवडील काय काम करतात हे त्यांना कळलेले नसते. ही भेट सार्थकी लागावी असे वाटत असेल, तर थोडी पूर्वतयारी हवी.

भेटीआधी घरी मुलाला तीन प्रश्न तयार करायला सांगावेत. हे काम कोणासाठी चालते? चूक झाली तर कोणाचे नुकसान होते? आणि दिवसातील सर्वांत अवघड वेळ कोणती? प्रत्यक्ष भेटीत इमारत दाखवण्यात वेळ घालवण्यापेक्षा मुलाला एक छोटे काम हाताने करू द्यावे. बिल बिघडवून पाहणे हे त्याचे उत्तम उदाहरण. खऱ्या गिऱ्हाइकाची माहिती, खरे पडदे किंवा पासवर्ड मुलांपुढे उघडू नयेत, आणि का उघडत नाही तेही त्यांना सांगावे. विश्वास राखणे हा कामाचाच भाग आहे, हे त्यातून कळते. सहकाऱ्यांशी, तसेच रखवालदार, सफाई कामगार आणि उपाहारगृहातील माणसांशी मुलाची ओळख करून द्यावी. पेढीवर हमालाला नावाने हाक मारली जाते, तसेच येथेही असावे. कंदमूळविरहित खाऊ घरूनच न्यावा, म्हणजे उपाहारगृहात मुलाला अवघडल्यासारखे होत नाही.

कंपनीत प्रवेश नसेल, तरी मार्ग बंद होत नाही. सुट्टीच्या दिवशी घरच्या लॅपटॉपवर एखादे सरावाचे पान उघडून आईवडिलांना आपले काम तासभर दाखवता येते. शाळांनाही पालकांना वर्गात बोलावता येईल. कामाच्या अवघड बाजूही लपवू नयेत. मुदतीचा ताण, डोळ्यांचा थकवा, हातचा प्रकल्प अचानक बंद होण्याची चिंता, हे मुलाला त्याच्या वयाला झेपेल इतके सांगावे. मंदीच्या दिवसांत आजोबा पेढीवर गप्प बसलेले मुलांनी पाहिलेले असतात. त्या गप्प बसण्यातूनही ती शिकलेली असतात.

आणि ही भेट एकेरी असू नये. जी मुले केवळ मिहानच्या वातावरणात वाढत आहेत, ज्यांचे दोन्ही पालक संगणकावर काम करतात, त्यांना सुट्टीत एक आठवडा आजोबांच्या पेढीवर बसवावे. भाव कसा ठरतो, उधारी कशी दिली जाते, नाही म्हणताना माणूस कसा राखावा लागतो, हे त्यांनी तेथे पाहावे. उद्या ती सॉफ्टवेअर लिहितील, तेव्हा ते वापरणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे असेल.

दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी, व्यापारी घरांत वहीपूजन होते आणि दुसऱ्या दिवसापासून नवे वीर निर्वाण संवत सुरू होते. अलीकडे अनेक घरांत वहीशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो. त्या घरातील मुलीने यंदा आईचा लॅपटॉप स्वतः पुसून पाटावर ठेवला. आजोबांनी वहीवर स्वस्तिक काढले, कुंकवाची वाटी नातीपुढे सरकवली आणि म्हणाले, "तुझ्या आईच्या वहीवर तू काढ."